बाईच्या हातानं मोडेल अशी वई

लग्न होऊन मी या गावात आले त्या वर्षी, भातं कापून घरात आल्यावर एका सकाळी गावचे पंच आमच्या दारात उभे राहिले आणि सासूबाईंना म्हणाले, "नवी सून द्या." मला वाटलं देवळात नेतील, नारळ-बिरळ देतील. मी चांगली साडी नेसून बाहेर आले, तर ते मला घरामागच्या परसात घेऊन गेले आणि कुंपणाकडे बोट दाखवून म्हणाले, "यातला एक खूट उपट."

मी रोह्याच्या पलीकडच्या अष्टमीची. आमच्याकडे दोन घरांच्या मध्ये विटांची भिंत असते आणि भिंतीवर सिमेंटात फुटक्या काचा रोवलेल्या असतात. इथे कासूच्या खाली खाडीच्या अंगाला आले तर सगळी कुंपणं काठ्याकुठ्यांची. त्याला वई म्हणतात. निगडीचे नाहीतर शेराचे खूट रोवायचे, आडव्या काठ्या घालायच्या, मध्ये शिंदीच्या झावळ्या खोचायच्या आणि केळीच्या सोपटानं बांधायचं. पूर्वी खाडीतल्या तिवराच्या काठ्या असत, आता तिवर तोडायला बंदी आहे. मी पदर खोचला, दातओठ खाऊन खूट ओढला आणि तो इतका सहज निघाला की मी दाणकन खाली बसले. पंच हसले, "बराय" म्हणाले आणि मला घेऊन पुढच्या घराकडे निघाले. त्या दिवशी आळीतल्या प्रत्येक वईचा एक खूट मी उपटला. एका घरचा निघेना, तर त्या मालकाला सगळ्यांनी तिथल्या तिथे चार शिव्या घातल्या आणि वई सैल करायला लावली.

नियम असा, की गावठाणातली वई छातीपेक्षा उंच नको. तार नको, खिळा नको, लोखंडच नको. आणि एकट्या बाईला नुसत्या हातानं मोडता आली पाहिजे. कारण विचारलं की सगळे एकच सांगत. खाडीचा बांध फुटला, म्हणजे इथल्या बोलीत खांड गेली, की उधाणाचं पाणी गावात शिरतं. पुरुष मिठागरात नाहीतर कंपनीत असतात, घरात बाया. त्यांना देवळाच्या उंचवट्याकडे सरळ पळता आलं पाहिजे, वाटेत कुणाचं कुंपण आडवं येता कामा नये. मला ते पटलं. अष्टमीला फोन करून मी आईला हसत हसत सांगितलं, की मी अशा गावात पडले आहे जिथे कुंपण मोडकं नसलं तर दंड करतात.

शेजारच्या घरात माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ राहतो. नात्यानं तो माझा धाकटा दीर, त्याची बायको माझी धाकटी जाऊ. ती माझ्या आधी या गावात आलेली, पण नात्यानं धाकटी म्हणून मला 'जाऊबाय' म्हणायची. बारीक चणीची, भराभर कामं उरकणारी, बोलायला लागली की हसू आवरत नसे. दोन्ही घरांच्या परसांच्या मध्ये एकच वई होती.

त्याच हिवाळ्यात एका दुपारी मी परसात भांडी घासत बसले होते. कडाकड काठ्या मोडल्याचा आवाज आला. मान वर करते तर ही वईतून डोक्यानं घुसून आमच्या बाजूला येत होती. झावळ्या केसांत अडकलेल्या, एका कानाची पाळी फाटून लोंबत होती आणि रक्त गळ्यापर्यंत आलं होतं. कानातलं ओढून काढलं होतं त्यानं. मागून तो आला. हातात कपडे धुवायचं धोपाटणं. मी राखेच्या हातांनी तशीच उभी राहिले.

सासूबाई पडवीत वाल सोलत होत्या. त्या उठल्या, कोपऱ्यातला कोयता घेतला आणि वईला पडलेल्या भगदाडात जाऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. तो भगदाडापर्यंत आला आणि थांबला. सिमेंटच्या गोणी ट्रकमधून एकट्यानं उतरवणारा गडी, समोर त्याच्या छातीलाही न पोचणारी म्हातारी. एक पाऊल टाकलं असतं तर ती बाजूला पडली असती. त्यानं ते टाकलं नाही. तोंडाला येईल ते बोलला, धोपाटणं आमच्या अंगणात भिरकावलं आणि मागे फिरला. ते धोपाटणं माझ्या घासलेल्या टोपावर आदळून टोपाला पोचा पडला. तो पोचा अजून आहे.

काही वेळानं तो रस्त्यानं फिरून आमच्या पुढच्या दाराशी आला. ओटीवर बसला. मान खाली घालून म्हणाला, "काकी, पानी दे." सासूबाईंनी तांब्या दिला. तो प्यायला, मिश्या पुसल्या आणि गेला. आत ती कानाला फडकं बांधून भात जेवत होती. दिवस कलल्यावर सासूबाई तिला पुढच्या रस्त्यानं, चार लोक बघतील असं, घरी पोचवून आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वई बांधत बसला होता. जाणारायेणारा विचारत होता, "काय रं, गुरं शिरली?" तो खाली बघून म्हणायचा, "व्हय." कुठलं जनावर शिरलं ते आख्ख्या आळीला ठाऊक होतं. जुन्या वाळक्या काठ्यांमध्ये नवे हिरवे खूट उठून दिसत, आणि ते वाळून बाकीच्या वईसारखे होईपर्यंत त्या घराची अब्रू तिथे टांगलेली असे.

मी सासूबाईंना विचारलं, "आई, वई पाण्यासाठी आहे ना?"

"पान्यासाठीच हाय."

"मग काल पाणी कुठे आलं होतं?"

"आलं व्हतं की," त्या म्हणाल्या आणि वाल सोलायला बसल्या.

पुढे हळूहळू सगळं कळत गेलं. कुणी शिकवलं नाही, बघून बघूनच कळलं. बाईनं वई मोडून यायचं. मोडलेल्या वईतून पुरुषानं यायचं नाही, त्यानं रस्त्यानं फिरून यायचं. फिरून येईपर्यंत चढलेली निम्मी उतरते, चार माणसं दिसतात, हातातलं धोपाटणं ठेवावं लागतं. ओटीवर बसून पाणी मागायचं. आणि दुसऱ्या दिवशी उजेडात, सगळ्यांसमोर, आपल्या हातानं वई बांधायची. आळीतल्या बऱ्याच घरांच्या वईत मी नंतर हिरवे खूट बघितले, काही फार अब्रूदार घरांच्यासुद्धा.

मला राग यायचा. आजही येतो. मारणाऱ्याला कुणी अडवत नाही आणि म्हणे पळायला वाट ठेवली, केवढे उपकार! पण मग मला अष्टमीची भिंत आठवायची. आमच्या शेजारची बाई रात्री-दिवसा मार खायची. धपाधप आवाज यायचे, ती "नको नको" म्हणायची, आणि माझे वडील टीव्हीचा आवाज वाढवायचे. एकदा ती भिंतीवर चढली होती. काचांनी तिचे दोन्ही तळवे फाटले आणि ती पुन्हा आतल्या बाजूलाच पडली. आम्ही पोरी खिडकीतून बघत होतो. काचा चोरांसाठी लावल्या आहेत असं आम्हाला सांगितलं होतं. त्या भिंतीपेक्षा ही वई बरी, असं म्हणताना मला स्वतःचीच चीड येते, पण बरी होती हे खरं.

माझा दीर पुढे नागोठण्याच्या बाजूला कामाला माणसं पुरवायला लागला. दाराशी पिकअप आली, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आला. लोक म्हणाले, सुधारला. दारू होतीच, ती आता बाटलीची झाली. हात मात्र तसाच राहिला. एकदा तिची दोन बोटं मोडली, एकदा दात पडला. आणि दर वेळी वईला हिरवं ठिगळ. एकदा स्टेशनाजवळच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी त्याला सगळ्यांदेखत म्हणालं, "अरे, तुझी वई यंदा लय हिरवी दिसतेय." त्या माणसाला त्यानं तिथेच बुकलून काढलं. घरी येऊन तिला काढलं ते वेगळंच. आणि होळी झाल्यावर त्यानं पिकअप भरून सिमेंटचे खांब आणि जाळीची भेंडोळी आणली. वर लावायला काटेरी तार.

सासूबाई आडव्या आल्या. घर त्यांच्या नावावर, शेजारी म्हणून संमती त्यांची लागणार. त्या म्हणाल्या, "मी नाय सही देत." तो हसला. हद्दीवर कुंपण घालायचं तर शेजाऱ्याची संमती लागते, आपल्या जागेत हातभर आत घेतलं तर कुणाचं काही चालत नाही, हे तो पंचायतीत विचारून आला होता. त्यानं जुनी वई उपटून तिची होळीसारखी राख केली आणि हातभर आत खड्डे खणले.

मी ग्रामसभेत गेले. बायकांच्या सतरंजीवर बसून गप्प राहायचं मला कधी जमलं नाही. मी उभी राहून म्हटलं, की गावचा नियम आहे, बाईला हातानं मोडता येणार नाही असं कुंपण चालत नाही. ग्रामसेवक नवा पोरगा होता. तो म्हणाला, अशी चालरीत असेल, पण पंचायतीच्या नियमात जागा स्वतःची आहे, रस्ता अडत नाही, उंची जास्त नाही, मग हरकत कशी घेणार? पंचांपैकी एक म्हणाला, "वयनी, ते पान्यासाठी व्हतं. आता बांध पक्का झाला. आता कशाला ती वई?"

"पाण्यासाठी नाही," मी म्हटलं. "हा बायकोला मारतो, आणि तिला पळायला ती वई होती. ह्याच्यासाठी जाळी आणलीय त्यानं. तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

गावात हे कुणी कधी तोंडानं बोललं नव्हतं. पुरुष छपराकडे बघत राहिले. मी माझ्या जावेकडे वळले. ती सतरंजीच्या टोकाला बसली होती, दीर समोरच उभा. ती म्हणाली, "मला कोन मारत नाय." हे बोलताना तिच्या पडलेल्या दाताच्या जागेतून हवा जात होती.

घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "बोललीस ना? आता तिला कुठनं येता येल?"

मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. मला आजही वाटतं, बोलायलाच हवं होतं. गप्प बसून बसूनच तर तिची बोटं मोडली. पण त्या रात्री शेजारून जे आवाज आले ते माझ्या बोलण्यापायी आले, हेही मला माहीत आहे.

जाळी उभी राहिली. वईच्या मागचं काही दिसायचं नाही, आता सगळं दिसायला लागलं. ती कपडे वाळत घालायला आली की तिच्या मानेवरचे काळेनिळे डाग दिसत. ती माझ्याकडे बघायची नाही, मग मीही खाली बघायची. मार आता दार लावून घरात व्हायचा. बाहेर जाताना तो पुढच्या दाराला कुलूप घालायचा आणि मागचं दार उघडं ठेवायचा, कारण मागे जाळी होती. आवाज आले की सासूबाई कोयता घेऊन परसात जाऊन जाळीपाशी उभ्या राहायच्या. काही करता यायचं नाही. नुसत्या उभ्या राहायच्या, आवाज थांबेपर्यंत.

माझा नवरा शांत माणूस, कंपनीत शिफ्ट करतो. एकदा तो न राहवून भावाला समजवायला गेला. गाल फाटून परत आला. टाके घालायला पेणला न्यावं लागलं. परत येताना मला म्हणाला, "तिनं पोलिसांत तक्रार दिली तरच काहीतरी होईल." ती देणार नव्हती. मी जाळीतून दोनदा विचारलं, ती आत निघून गेली.

त्या वर्षी भातं चांगली आली. उकड्या तांदळासाठी मी परसात तीन दगडांच्या चुलीवर मोठा टोप चढवला होता, तोच पोचा पडलेला. भिजवलेलं भात रटरटत होतं, फोलं फुटायला लागली होती. उन्हं नुकती चढली होती. नवरा कामावर गेला होता. सासूबाई शेजारी बसून जाळ सारत होत्या.

शेजारचं मागचं दार आपटलं आणि ती धावत आली. डोक्याला वर कुठेतरी खोक पडली होती, एक डोळा रक्तानं बंद झाला होता. तिला वाटलं असणार की वई आहे. इतक्या वर्षांची सवय, पाय आपसूक त्याच जागी धावले. ती डोकं खाली घालून जाळीवर आदळली. जाळी आमच्या बाजूला फुगली आणि तिनं तिला मागे फेकलं. ती पुन्हा उठली आणि जाळीच्या भोकांत बोटं घालून ओढायला लागली. मी धावत गेले आणि तिची बोटं धरली. ती धरून काय करणार होते कोण जाणे.

तो आला. हातात पिकअपच्या जॅकचा दांडा. पहिला घाव तिच्या पाठीत बसला तेव्हा माझ्या हातातली तिची बोटं सुटली. त्यानं तिला केसांनी धरून मागे ओढलं, खाली पाडलं आणि पोटात लाथ घातली. मग आमच्याकडे बघून म्हणाला, "बघा. आता दिसतंय ना चांगलं? सभेत सांगायला बरं."

सासूबाई कोयत्यानं जाळीवर घाव घालत होत्या. ठिणग्या उडत होत्या, कोयत्याची धार तुटून पडली, जाळीला ओरखडासुद्धा नाही. त्या आयुष्यात पहिल्यांदा ओरडल्या, "सोड तिला! मरंल ती!" त्यानं दांडा वर उचलला. ती खाली पडली होती आणि तिचा हात डोक्यावर होता, त्या मोडून वाकड्या जुळलेल्या बोटांचा.

पाणी काढायचा डबा टोपाशेजारीच होता. मी तो उकळत्या भातात बुडवला आणि जाळीतून त्याच्या तोंडावर फेकला. वई असती तर झावळ्यांनीच अर्धं पाणी अडवलं असतं. जाळीनं काहीच अडवलं नाही. त्याचा दांडा पडला, तो तोंड धरून किंचाळला, मी दुसरा डबा फेकला तो मानेवर आणि खांद्यावर बसला. त्याच्या अंगातून वाफ येत होती. भाताचे दाणे गालाला चिकटले होते आणि तो ते ओढून काढायला गेला तर त्यांच्याबरोबर कातडी येत होती. खरं सांगते, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मी तिसरा डबा भरला तेव्हा सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"पुरे," त्या म्हणाल्या. "भात वाया जातंय."

शिंतोडे तिच्याही हातावर उडाले होते. ती तशीच सरपटत जाळीपाशी आली आणि जाळीला पाठ लावून बसली. मी अलीकडून पाठीला पाठ लावून बसले. आळीतली माणसं पुढच्या दाराची आतली कडी तोडून आत आली तोवर आम्ही तशाच होतो.

त्याच्याच पिकअपमधून दोघांना पेणला नेलं. मीही गेले, अंगाला उकड्याचा वास येत होता. तिच्या डोक्याला टाके पडले, दोन बरगड्या मोडल्या होत्या. त्याचं अर्धं तोंड आणि मान बांधून ठेवली. डोळा वाचला. हवालदार आला तेव्हा तो बँडेजमधून बोलला, "शेजारणीनं जाळीतनं उकळतं पानी फेकलं. तिला आत टाका." मी बाहेर बाकड्यावर बसून हे ऐकत होते. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते. नाकारायचं माझ्या डोक्यातही नव्हतं.

हवालदारानं माझ्याआधी तिला विचारलं. पलीकडच्या खाटेवर ती एका डोळ्यानं छताकडे बघत होती. सभेत बोलली होती तशाच आवाजात ती म्हणाली, "जाळी? आमच्याकडं जाळी नाय. वई हाय. पलीकडचं दिसत पन नाय. काकींच्या परसात भात उकडत व्हतं, तितं गेला नि टोप त्याच्याच अंगावर पडला."

"हा जाळी म्हणतो."

"दारूत हाय तो."

हवालदारानं वही मिटली. म्हणाला, उद्या सकाळी गावात येऊन जागा बघतो, मग काय ते लिहू. तो गेल्यावर मी आत गेले. तिनं माझा हात धरला. पोळलेल्या मनगटावर मलम लावलेलं होतं. "मी वई सांगून बसलेय," ती म्हणाली. "आता तुमी बघा, जाऊबाय."

मी सासूबाईंना फोन केला. त्या नेहमीसारख्याच "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी गावात पोचले तेव्हा दिवेलागण व्हायची होती. परसात आळीतल्या झाडून सगळ्या बाया होत्या. कुणी निगडी तोडून आणत होतं, कुणी झावळ्या, कुणी सोपट भिजवत होतं. आणि पुरुष पहारी घेऊन सिमेंटचे खांब उकरत होते. सभेत जो पंच म्हणाला होता की आता कशाला वई, तो घामानं निथळत एका खांबाला मिठी मारून हलवत होता. कुणाला लाज वाटली असेल, कुणाला बायकोनं पाठवलं असेल, मी विचारलं नाही. जाळी गुंडाळून घरामागच्या, जिताडे मासे पाळायच्या तळ्यात बुडवली. खांब बैलगाडीत घालून बांधावर नेले आणि जिथे मागे खांड गेली होती तिथे भरावात टाकले. खड्डे बुजवून वर राख पसरली. वई माझ्या छातीपर्यंत आली तेव्हा सासूबाईंनी तुटक्या कोयत्यानं शेवटची काठी छाटली आणि मला म्हणाल्या, "उपट." मी एक खूट उपटला. निघाला. तो परत रोवून आम्ही आत गेलो.

सकाळी हवालदार आला. वई बघितली, तिच्या कडेनं चालला, राखेवर बूट घासून बघितला. "कधीची आहे ही?"

"आज्याच्या वखताची," पंच म्हणाला.

"हिरवी आहे."

"दर साली बांधतो, सायेब. भातं आली की."

हवालदारानं वाकून एक खूट धरला आणि ओढला. तो त्याच्या हातात आला. त्यानं नवलानं त्या खुटाकडे बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "बाईला उपटता आला पायजे असा नियम हाय आमच्यात."

"कशाला?"

"पान्यासाठी."

त्यानं चुलीकडे बघितलं. टोप तिथेच होता, तळाला भात लागून करपलेलं. मग त्यानं खूट भोकात परत घातला, बुटानं माती दाबली, आणि भात उकडताना अपघात झाला असं लिहून तो गेला.

महिन्याभरानं दीर घरी आला. अर्धा गाल, कान आणि मान गुळगुळीत, गुलाबी झाली होती. तो माझ्याकडे बघत नाही. ती माहेरी गेली होती, तिकडे पेणच्या बाजूला. मी तिला म्हटलं, परत येऊ नकोस, मी अष्टमीला तुझी सोय करते, काहीतरी काम बघू. ती परत आली. मी तिच्यावर चिडले, काही दिवस बोललेच नाही. ती एकदा वालाच्या शेंगा घेऊन आली आणि म्हणाली, "माजं घर हाय ते. त्याला सोडून का देऊ?" मी शेंगा घेतल्या आणि तिच्याबरोबर सोलायला बसले.

पुष्कळ दिवस त्यानं तिला हात लावला नाही. सगळे म्हणाले, चांगलाच धडा मिळाला. मला विश्वास नव्हता आणि माझंच खरं झालं. यंदा भातं आल्यावर, नवी वई बांधून झाली होती, आणि एका संध्याकाळी कडाकड आवाज आला. ती वईतून डोक्यानं घुसून आमच्या परसात आली. ओठ फुटला होता. सासूबाई आता नीट चालत नाहीत, तरी काठी टेकत त्या भगदाडापाशी गेल्या. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. तो मागून आला, भगदाडाशी थांबला. त्याची नजर माझ्याकडे आली नाही, सासूबाईंकडेही नाही, सरळ चुलीकडे गेली. चूल विझलेली होती. टोप पालथा घातला होता. तरी तो त्या पालथ्या टोपाकडे बघत राहिला, आणि मग वळला.

काही वेळानं तो रस्त्यानं फिरून आला, ओटीवर बसला. मी तिच्या ओठाला हळद लावत होते. बाहेरून आवाज आला, "काकी, पानी दे."

सासूबाई भिंत धरून उंबऱ्यात गेल्या आणि म्हणाल्या, "देते. गार पायजे का कढत?"